तिसरी हाक

प्रिय आबा,

मेलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, असं मी आजवर निदान पन्नास सभांत तरी ठणकावून सांगितलं असेल. त्यातल्या चार-पाच सभांना तुम्ही मागं भिंतीला टेकून उभे होतात. आणि आज रविवारच्या उन्हात मांडीवर वही घेऊन मीच तुम्हाला पत्र लिहायला बसलोय. हसा! तुमचा हक्कच आहे.

कुठं बसलोय सांगू? सांगलीच्या नव्या स्टेशनात, फलाटाच्या टोकाला, तुमच्या घंटेखाली. घंटा कसली, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला जुन्या रुळाचा हातभर तुकडा. हातोडा तुम्ही ठेवायचात तिथंच आहे, बुंध्याच्या बेचक्यात. आज काम बंद. फलाटाच्या कडेचे दगड बसून झालेत. आतला मुरूम अजून ओला आहे. सिग्नल अजून सुरू नाहीत, त्यांच्या हातांवर फळ्यांची फुली तशीच आहे. नावाच्या पाटीवर रंगाऱ्यानं 'सां' एवढंच काढलंय आणि तो परवापासून बेपत्ता आहे.

लिहायचं कारण म्हणजे परशुराम तात्या. तुमच्या गँगचे, रूळ टाकणाऱ्या टोळीचे मुकादम.

काल माझी गिरणी सुटली तर तात्या फाटकाशी उभे. माधवनगरपर्यंत पायी आले होते. टोपी हातात. म्हणाले, "बाळू, बुधवारी मोठ्या लाइनीवर पैलं इंजिन येतंय. सायेब लोकांचं हारतुरं व्हतील तवा व्हतील. त्याच्या आधी आमी गँगवाली घंटंखाली जमणार हाय. तू दोन शबूद बोल. आबाचं नाव घे."

मी म्हणालो, "घेतो की तात्या."

"पर एक ध्यानात ठेव. ती हाक चुकल्याचं काढू नगंस. आमी ते कवाच पोटात घातलंय. माणूस हाय, चुकतंय कवातरी."

आबा, त्यांनी तुम्हाला माफ केलंय! मोठ्या मनानं, डोळ्यांत पाणी आणून. आणि मी, ज्याचं तोंड बंद करायला दोनदा पोलीस आणावे लागले तो मी, "बरं तात्या" एवढंच म्हणालो.

रात्रभर ते "बरं" मला झोपू देईना. म्हणून हे पत्र.

तुमची हाक मला आईच्या ओव्यांच्या आधी आठवते. रहिमतपूरजवळच्या त्या दोन खोल्या, दारात लहान लाइन, आणि सकाळी सकाळी धुक्यातून येणारा तुमचा आवाज. बारा माणसं रुळाखाली पहारी घालून उभी असायची. कुणी कुणाकडं बघायचं नाही. प्रत्येकाची नजर आपल्या पहारीच्या टोकावर. आणि त्यांच्या मागं तुम्ही, कमरेवर एक हात, दुसरा कानावर.

पहिल्या हाकेला पहार धरायची. दुसरीला छातीत दम भरायचा. तिसरीला ओढायचं. किती सोपं! सहा वर्षांच्या पोरालाही पाठ होईल असं. शब्द तुम्ही त्या त्या दिवशी जुळवायचात.

"मिरजेत तंबोरे लागलेऽ"

"हां!" म्हणायची गँग.

"आमचे बी खांदे लागलेऽ"

"हां!"

"लाव गड्या, हैऽश्या!"

आणि बारा माणसांनी एका दमात ओढलं की तो लोखंडाचा अजगर सरकायचा. पुढं दूरवर तात्या गुडघ्यावर बसून, गाल रुळाला लावून, एक डोळा मिटून रेघ बघत असायचे. ते हात वर करून बोटं दाखवायचे. दोन बोटं. म्हणजे रूळ दोन बोटं हलला. कधी एक. कधी नुसती मान हलवायचे, म्हणजे पुन्हा हाक.

आणि गँगचा तो नियम! पहार रुळाखाली गेली की एकाच माणसानं तोंड उघडायचं. दुसरा कुणी खोकलायचासुद्धा नाही. एकदा घोड्यावरून आलेला साहेब मध्येच काहीतरी विचारायला गेला, तर तुम्ही हात वर करून त्याला गप्प केलंत. आई दारातून बघत होती. "आता नोकरी गेली," म्हणाली. पण साहेब टोपी काढून उभा राहिला! ती गोष्ट आई अजून सांगते. दरवेळी साहेब जरा जास्त गोरा होतो.

मी बोलायला कुणाकडून शिकलो असं लोक मला विचारतात. मी वाचनालयाचं नाव सांगतो, पुस्तकांची नावं सांगतो. खोटं नाही ते. पण वाक्य कसं उचलायचं, कुठं थांबायचं, तिसऱ्या वाक्याला आवाज कुठं न्यायचा, हे काय पुस्तकात असतं होय? ते मी तुमच्या पाठीमागं उभं राहून उचललं. आवाजसुद्धा तुमचाच. आई म्हणायची, ओसरीवर कोण बोलतंय ते मला बघितल्याबिगर कळत न्हाई, बाप का ल्योक.

आणि तुम्ही! माझं पहिलं जाहीर भाषण झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी हार घातला. मी धावत तुमच्याकडं आलो. तुम्ही तंबाखू मळत होतात.

"कसं झालं आबा?"

"ब्येस बोललास. पर हाललं किती?"

"म्हणजे?"

तुम्ही करंगळी वर केलीत, तिच्या नखावर अंगठा ठेवलात. "अर्धं न्हाई, पाव बोट."

मी चिडलो होतो. आठवडाभर बोललो नाही तुमच्याशी. मग तुम्हीच एके दिवशी जेवताना म्हणालात, "आरं बाळ्या, तू पैल्यापास्नंच वडाया लावतोस. मान्सांना धरू तर दे. दम घिऊ दे. मंग वडायला सांग. सगळी भाषणं तिसऱ्या हाकंवरच सुरू करतोस तू. कोण हालंल?"

माझ्यावर पुष्कळांनी टीका केली, आबा. वर्तमानपत्रांनी केली. त्यातली एकही टीका याच्या जवळ गेली नाही.

मी वाचायला आणलेली पुस्तकं तुम्ही हातात घेऊन उलटीपालटी करायचात. वजन बघायचात जणू. "एवढं जाड बुक हाय, ह्यात गँगमनचं नाव हाय का कुठं?" मी म्हणालो, "यात राजांची नावं आहेत, पण जे लिहिलंय ते तुमच्यासाठीच आहे." तुम्ही म्हणालात, "मंग आमाला इचारून तरी ल्ह्यायचं."

मग सत्तर साल लागलं आणि मोठी लाइन आली. लहान रूळ उखडायचे, रुंद टाकायचे, आणि सांगलीला गावाबाहेर नवं स्टेशन उभं करायचं. जिथं मी आत्ता बसलोय तिथं तेव्हा शाळूची ताटं उभी होती. तुमची गँग इकडं आणली. तुम्ही पत्र्याच्या खोलीत राहायला आलात आणि मी माधवनगरहून सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत तुमच्यापाशी पोचू लागलो. किती वर्षांनी आपण इतके जवळ आलो होतो! तुम्हाला रुंद लाइनीचा राग होता, आठवतंय? "हिच्या दोनी रुळांवर एकाच टायमाला ध्यान ऱ्हात न्हाई," म्हणायचात. आणि आठवड्यानं माझ्या हाताला धरून तिच्यापाशी नेलंत. म्हणालात, "बघ कशी ऐसपैस बसलीया. म्हशीवानी." तुमचं प्रेम असंच लागायचं, आधी शिव्या मग म्हैस.

फलाटाच्या भरावावर बायका होत्या, साठ-सत्तर. डोक्यावर मुरमाची पाटी, उतरणीवरून वर. त्यांची पुढारी इंदूमावशी, माणच्या दुष्काळी गावची, जिभेला धार. सगळ्या स्टेशनात सावली म्हणून हा एक लिंब, आणि तो कामावरच्या साहेबांच्या खुर्चीसाठी राखलेला. पिण्याचं पाणी पार लांबच्या विहिरीवर. पोटुशी बाई पाण्याला गेली तर भरावावरचा मुकादम हजेरीला बोंबलणार.

मला हे दिसल्यावर मी गप्प बसणार होतो थोडाच? मी म्हणालो, फलाट बांधणाऱ्या बाईला फलाटाएवढी सावली मिळाली पाहिजे! पाण्याचे रांजण कामावर आले पाहिजेत! इथं संगमरवरी पाटी लागेल तिच्यावर फीत कापणाऱ्याचं नाव असेल. पण हा डोंगर ज्यांनी पाटी पाटीनं उचलून आणला त्यांचं नाव कुठल्या दगडावर येणार?

तुम्ही म्हणालात, "दगडाचं ऱ्हाऊ दे. आदी रांजनाचं बघ."

म्हणून मी रांजणाचं आणि पत्र्याच्या मांडवाचं धरलं. दुपारच्या सुट्टीत येऊन बोलायचं असं ठरलं. तुम्ही एकच अट घातलीत: "घंटा झाली की बास. घंटंनंतर एक शबूद बोलायचा न्हाई हितं. हितं काम हाय." मी "हो" म्हणालो होतो.

आता ते लिहायचं. फलाटावर कुणी नाही, एक साळुंकी तेवढी खडीत काहीतरी टिपतेय.

त्या दिवशी बायका रंगात आल्या होत्या. मी खडीच्या ढिगावर उभा. तुमची गँग वीस-पंचवीस पावलांवर, माझ्याकडं पाठ करून. घंटा झाली. तेव्हा ती दुसरा कुणी द्यायचा. इंदूमावशी म्हणाली, "बाळूदादा, आवर. टोल झाला." मी म्हणालो, "दोन मिनिटं मावशी."

दोन मिनिटं! तुमच्यासमोर दिलेला शब्द मी दोन मिनिटांसाठी मोडला.

मी विचारलं, "ही माती कुणी वाहिली?"

बायका म्हणाल्या, "आमी!"

"हा फलाट कुणी रचला?"

"आमी!"

आणि मग आबा, मी पाहिलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी पाहिलं की पहारी रुळाखाली गेल्यात. बारा पाठी वाकल्यात. तुम्ही हाक द्यायच्या आधी पुढं होऊन, वाकून, रुळाखाली अडकलेली खडी हातानं काढताय. मला दिसलं ते. नियम मला सहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होता. पण बायकांचे चेहरे पेटले होते, तिसरं वाक्य जिभेवर आलं होतं, आणि ते परत गिळावं एवढा मोठा मी नव्हतो. मी ते उचललं. तुमच्याच आवाजात, तुमच्याच चढानं.

"मग पहिली सावली कुणाचीऽ!"

गँगनं शब्द कुठं ऐकले? गँग शब्द कधीच ऐकत नसते. माझे दोन प्रश्न त्यांना तुमच्या हाकाच वाटले होते: पहिलीला त्यांनी धरलं होतं, दुसरीला दम भरला होता, तिसरीला ओढलं. बारा माणसांनी, एका दमात. तुम्ही ओरडलात, पण तुमचा आवाज आणि माझा आवाज एकातच मिसळला. रूळ उसळला आणि तुमच्या डाव्या पायावर आला.

लॉरी येईपर्यंत तुम्हाला ह्याच लिंबाखाली आणून ठेवलं. साहेबांनी खुर्ची सोडली, ते खाली बसले. चांगला माणूस होता तो, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी विचारलं, "हाक कोणी दिली?"

परशुराम तात्या गोंधळले होते. गँगमधली पोरं एकमेकांकडं बघत होती. मी पुढं झालो. तोंड उघडलं. आणि तुम्ही, रक्तबंबाळ पाय घेऊन पडलेले तुम्ही, माझ्याकडं बघून हात वर केलात. त्या घोड्यावरच्या साहेबाला केला होतात तस्साच.

"हाक माजीच," तुम्ही म्हणालात. "खडी काढायच्या आदीच दिली म्या. चुकलो."

साहेबांनी लिहून घेतलं. तुम्ही अंगठा उठवलात. मी उभा होतो. शाई पुसायला तुम्ही माझ्याच धोतराचा सोगा ओढलात, आणि वर म्हणालात, "आता हे धुवायला आईला सांग." अशा वेळी विनोद सुचतो कसा तुम्हाला?

मिरजेच्या दवाखान्यात तीन बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: "बोटं मोजून काढली का रं? का तात्याला बोलवू?" नर्स हसली. मी रडलो. मग खाटेच्या कडेला बसून मी भांडलो तुमच्याशी, आठवतंय?

"मी आत्ता जाऊन सांगतो. हाक माझी होती."

"गप बस."

"का म्हणून? खोटं कशाला?"

"कशाला? आरं, भाईरचा मानूस कामावर भाषान करत हुता, त्यापायी पाय गेला, असं कागदावर आलं की फुडं काय हुईल? तुला नेतील ते नेतील. पर त्या बायांचा मांडव? त्यो कोन देईल? म्हन्तील, बघा, ह्यांच्या सभंनं मान्सं जायबंदी व्हत्यात." मग पाणी पिऊन म्हणालात, "बोलायला तुला लय येतंय. आता गप बसायला शीक. टेसन हुभं ऱ्हाईस्तवर त्वांड उघडायचं न्हाई. आन घे."

शपथांवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी घ्यायला लावलीत. आणि मी घेतली.

महिन्याच्या आत मांडव आला. रांजण आले, चार. इंदूमावशीनं पहिला तांब्या भरून तुम्हाला खोलीवर आणून दिला. लोक माझं कौतुक करायला लागले. विजय झाला म्हणाले. माझं नाव झालं, आबा, त्या मांडवामुळं! विट्यापासून कऱ्हाडपर्यंत मला बोलावणी येऊ लागली. तुमच्या तीन बोटांवर उभं राहून मी हार घालून घेतले.

तुम्ही काठी टेकत परत कामावर आलात तेव्हा तुम्हाला घंटा दिली. बसून करायचं काम. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आता तू कसा लांबवतोस बघतो." आणि खरंच! सुट्टीतल्या सभेत मी कधी रंगात आलो की तुम्ही वेळेच्या आधी दोन मिनिटं टोल हाणायचात. एकदा तर 'बंधूंनो' म्हणून पुढं श्वास घेतला नाही तोच ठणाणा! बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. इंदूमावशी ओरडली, "आबा, त्येला बंधूंना काय सांगायचंय ते तरी सांगू द्या!" तुम्ही म्हणालात, "बंधूंना ठावं हाय. त्यास्नी पाट्या उचलायच्यात." मी सगळ्यांबरोबर हसलो. मला वाटलं, तुम्ही मजेत आहात. मला वाटलं, तुम्ही ते विसरलात.

का नाही सांगितलंत मला?

हा माझा तुमच्यावरचा एकच राग आहे, आणि तो लहान नाही. थंडीत तुम्ही गेलात. मी फलटणला होतो, कारखान्यावरच्या सभेत. तुम्ही दुपारी चहाचा कप मागितलात, तो आई आत करत होती, ती बाहेर येईपर्यंत संपलं होतं सगळं. मी पोचलो तेव्हा गँग अंगणात बसली होती. परशुराम तात्या मला मिठी मारून रडले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण स्टेशन अर्धवट होतं आणि मी स्वतःला म्हणालो, शपथ आहे. किती सोयीची होती ती शपथ! शपथा न मानणाऱ्या माणसानं ती कशी घट्ट धरून ठेवली!

आणि आज सकाळी आईनं सांगितलं. मी तात्यांचं बोलणं तिच्या कानावर घातलं तेव्हा. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा रूळ अडला हुता. नव्या हाकवाल्याला जमंना. पोरांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे काठी टाकून उठलं. चार पावलं फुडं गेलं. तर तात्या म्हणालं, नगं आबा, ऱ्हाऊ द्या, बसा तुमी."

"मग?"

"मंग काय? बसलं. घरी आल्यावर जेवलं न्हाईत. म्हणालं, माज्या हाकंवर आता गँगचा इस्वास न्हाई."

तीस वर्षं! तीस वर्षं ज्या हाकेवर बारा माणसांनी डोळे मिटून जीव टाकला, ती हाक! पायाचं तुम्हाला काही वाटलं नव्हतं हे मला माहीत आहे, त्यावर तुम्ही विनोद केलेत. पण यावर एकही केला नाहीत. चार पावलं चाललात आणि परत येऊन ह्या घंटेखाली बसलात. मी तेव्हा कुठं होतो? बहुतेक न्यायावर बोलत असेन कुठंतरी.

मी आईला म्हणालो, "आई, ती हाक आबांची नव्हती."

"मला ठावं हाय."

"तुला आबांनी सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगाय पायजे? भाकरी घिऊन तिथंच हुते की मी. ओसरीवर वळखू येत न्हाई म्हणते ते कौतुकानं म्हणते रं. पंचवीस वर्सं ज्याच्यासंगट संसार केला त्याचा आवाज मला वळखू यायचा न्हाई व्हय?"

मग तिनं सूप खाली ठेवलं. "टेसन झालं न्हवं आता?"

"झालं."

"मंग?"

तेवढंच म्हणाली ती आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तुमच्या घरात कुणीच लांबण लावत नाही, माझ्याशिवाय.

आबा, स्टेशन उभं राहिलंय. तुम्ही बघायला हवं होतं. फलाट इतका लांब आहे की ह्या टोकावरून त्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. गावातले लोक अजून कुरकुरतात, एवढ्या लांब टांग्यानं कोण येणार म्हणून. येतील. तुमचे रूळ सरळ रेघेत पडलेत, मी मघाशी तात्यांसारखा गाल लावून पाहिलं. चटका बसला गालाला. इंदूमावशीच्या बायका पुढच्या कामावर निघाल्यात. जाताना मांडवाचे पत्रे सोडून बरोबर नेणार आहेत, तिथं नसेल म्हणून. साहेब काही बोलले नाहीत. म्हणजे आता कुणाचं काही बिघडायचं राहिलं नाही. झालंच तर माझंच बिघडेल, आणि ते बिघडू दे.

तात्या रागावतील. मला वाटतं ते आधी मला मारतील आणि मग स्वतःला दोष देतील, त्या "ऱ्हाऊ द्या, बसा तुमी"साठी. त्यांना मी आवरीन. गँगमधल्या एखाद्याला वाटेल, बापाचं नाव धुवायला पोरगा खोटं बोलतोय. त्याला आई सांगेल.

तर ऐका. बुधवारी, इंजिन यायच्या आधी, मी इथं उभा राहणार आहे. ढिगावर नाही, खाली, गँगच्या ओळीत. नारळ फोडणार आहेत, त्याला मी विरोध करणार नाही. तुम्ही म्हणाला असतात, खोबरं तर तूबी खातोस. माझ्याकडं बोलायला पुष्कळ आहे: फलाटाबद्दल, बायकांबद्दल, त्या संगमरवरी पाटीबद्दल, तुमच्या तीस वर्षांबद्दल. काल रात्री जागून मनात जुळवलंय. पण घंटा आईच्या हातात देणार आहेत, तात्यांनीच तिला विचारलं. आणि ती सकाळीच म्हणाली, "लांबवलंस तर टोल हाणीन. बापानं हाणला तसा."

हाणू दे. ह्या वेळी घंटा झाली की मी थांबेन, शब्द अर्धा तोंडात असला तरी थांबेन, हे तुम्हाला वचन. बाकीचं सगळं राहून गेलं तरी चालेल. म्हणून भाषणाचं पहिलंच वाक्य मी ठरवून ठेवलंय, आणि ते हळू, दम घेऊन, प्रत्येकाला धरू देऊन बोलणार आहे:

तात्या, ती हाक माझी होती.

किती हललं ते तुमच्या वतीनं तात्या दाखवतील, बोटांनी.

तुमचा,
बाळ्या